पांढऱ्या सालीची चीज ओळखताना : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. मलाँ, फ्रान्स

गेल्या शनिवारचे आजोबा आज परत आले. मी त्यांना मलाँची ब्री (हे इथलं मऊ चीज) म्हणून जो तुकडा बांधून दिला होता, तो मोच्या ब्रीचा निघाला. ते रागावले नव्हते, त्यांना गंमतच वाटत होती. पण मलाँच्या बाजारात, मलाँच्या माणसाला, मलाँची ब्री म्हणून शेजारच्या गावची ब्री विकायची म्हणजे कोल्हापुरात पुणेरी मिसळ ‘कोल्हापुरी’ म्हणून खपवण्यासारखं आहे.

चूक सर्वस्वी माझी. पावसात लेबलं भिजून गळाली आणि मी ती अंदाजाने परत खोचली. ज्यांच्या चीजच्या दुकानात मी काम करते त्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी फळ्या पुसताना म्हणाल्या, नाताळच्या गर्दीत लेबल वाचायला वेळ नसतो, तोवर शिकून घ्या.

म्हणून ही वही. सांगलीला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना गवतं ओळखायची किल्ली द्यायचे. दोन पर्याय, त्यातला एक निवडायचा, पुढच्या आकड्यावर जायचं, शेवटी नाव. तशीच एका पानाची किल्ली चीजसाठी करायची. लेबल नाही, डबा नाही, हातात एक तुकडा, त्यावरून नाव. मुदत डिसेंबरच्या मध्यापर्यंत.

आणखी एक नोंद, कारण ते मला पहिल्या दिवसापासून विचित्र वाटतंय. बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतात, ‘कधी खाणार?’ कोणतं हवं, किती हवं, हे सगळं त्यानंतर.

६ ऑक्टोबर

यादी सात नावांची ठेवली. ब्री द मो, ब्री द मलाँ, कुलोमिये, कामांबेर द नॉर्मंडी, नशातेल, शाउर्स, ब्रिया-साव्हारँ. सगळी मऊ, सगळी गाईच्या दुधाची, सगळ्यांवर पांढरी मखमल. इथे हिला ‘फुललेली साल’ म्हणतात. (नशातेलच्या स्पेलिंगमध्ये ‘फ’ आहे, तोंडात मात्र येत नाही. उरतं ते आपल्या कानांना नशा आणि तेल असं ऐकू येतं. नवऱ्याला सगळ्यात आधी हेच नाव पाठ झालं.)

अख्खं चक्र समोर असेल तर प्रश्नच नाही, फूटपट्टी पुरे. मोची ब्री ३६-३७ सेंटिमीटर व्यासाची, अडीच-तीन किलोची; एका चक्राला साधारण २५ लिटर दूध लागतं. मलाँची २७-२८ सेंटिमीटर, दीड किलोच्या थोडी वर. कुलोमिये हाताच्या पंजाएवढं, १३-१४ सेंटिमीटर, अर्ध्या किलोच्या आत. कामांबेर साडेदहा ते अकरा सेंटिमीटर, कमीत कमी २५० ग्रॅम. शाउर्स म्हणजे बुटका दंडगोल. नशातेल बहुधा बदामाच्या आकाराचं. ब्रिया-साव्हारँ ठेंगणं, गुबगुबीत.

पण गिऱ्हाइकाच्या ताटात चक्र नसतं, तुकडा असतो. म्हणून आकार या किल्लीत धरायचा नाही, असं ठरवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पहिली चाचणी. सात चीजचे प्रत्येकी दोन, असे चौदा तुकडे. दोन्ही तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या चक्रांतून घेतले. फ्रीजमधून तासभर आधी काढून ठेवले, साल कापून टाकली, माझ्या डोळ्यांवर ओढणी. नवरा तुकडे देणार आणि लिहून घेणार. मध्ये पाणी आणि कोरडा पाव.

चौदापैकी चार बरोबर.

त्यातलेही दोन ब्रिया-साव्हारँचे, म्हणजे ते धरायचेच नाहीत. त्यात वरून साय घातलेली असते, कोरड्या अंशात (पाणी वगळून उरतं त्यात) कमीत कमी ७२ टक्के स्निग्धांश. जिभेवर ठेवलं की लोणीच. लोणी ओळखायला किल्ली लागत नाही.

लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच. सहावा आणि अकरावा तुकडा, दोन्ही कामांबेर, एकाच नावाची दोन चक्रं. एकाला मी शाउर्स म्हटलं, दुसऱ्याला मलाँची ब्री. एक आंबटसर आणि ठिसूळ होता, दुसरा वाहत होता आणि त्याला उकडलेल्या कोबीचा वास होता. दोन्ही एकच आहेत हे डोळे उघडल्यावरही पटेना.

चाचणीत एक दोषही राहिला. नवऱ्याने ब्रीच्या त्रिकोणांची टोकंच तेवढी कापून मला दिली, कारण ती ‘मऊ दिसत होती’. बाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. इथे ब्रीच्या टोकाला ‘नाक’ म्हणतात. नाक कापून आपल्या ताटात घेणं हे पंगतीत शोभत नाही, कारण सगळ्यात चविष्ट भाग एकट्याने खाल्ल्यासारखं होतं. प्रत्येकाने लांब उभी चीर घ्यायची, नाकापासून कडेपर्यंत. आपल्याकडेही नाक कापलं की अब्रूच जाते, असं मी त्यांना सांगितलं. त्या मनापासून हसल्या. यापुढे सगळे तुकडे उभ्या चिरीचे.

१३ ऑक्टोबर

ब्री आणि कामांबेर यांत फरक काय, असं कोणालाही विचारलं की उत्तर येतं: आकार. ब्री मोठी, म्हणून साल कमी आणि गर जास्त, म्हणून चव सौम्य. गणित करून पाहिलं.

दोन्हींची जाडी तीन सेंटिमीटर धरली. अकरा सेंटिमीटरच्या कामांबेरला साल २९४ चौरस सेंटिमीटर, गर २८५ घन सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटर गरामागे १.०३ चौरस सेंटिमीटर साल. ३६ सेंटिमीटरच्या ब्रीला २,३७५ आणि ३,०५४, म्हणजे ०.७८. फरक आहे. पण तो सगळा कडेच्या उभ्या सालीमुळे आहे. कड वगळून मधला तुकडा घेतला तर दोन्हीकडे तोच आकडा येतो, ०.६७. वरची साल, खालची साल, मध्ये तीन सेंटिमीटर गर; चक्र गाडीच्या चाकाएवढं केलं तरी हा हिशेब बदलत नाही.

तेव्हा आकाराचं उत्तर अर्धंच खरं. चव वेगळी लागत असेल तर ती दुसरीकडून येते. विरजणातून, मिठातून, दही कसं लावलं आणि साच्यात कसं भरलं त्यातून.

कामांबेरच्या जन्माची गोष्टही इथे येऊन मिळते. १७९१ साली, क्रांतीच्या धामधुमीत, ब्री प्रांतातला एक धर्मगुरू नॉर्मंडीत लपला होता आणि त्याने मारी आरेल नावाच्या बाईला आपल्याकडची कृती शिकवली, असं सांगतात. दंतकथा असली तरी तिच्या पोटात एक गोष्ट बरोबर आहे: ही दोन्ही एकाच घरातली वाटतात. गवतांमध्ये एकाच प्रजातीतल्या दोन जाती ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. इथेही तेच होणार.

१९ ऑक्टोबर, शनिवार

वयाचा प्रयोग सुरू. एकाच दिवशी बनलेली, एकाच लॉटची तीन कामांबेर घेतली. एक आज उघडायचं, एक पुढच्या शनिवारी, एक त्याच्या पुढच्या. तोवर फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात, मूळ कागदात आणि लाकडी डब्यात. (हा पातळ लाकडी डबा १८९० च्या सुमाराला आला आणि कामांबेर रेल्वेने दूरवर जाऊ लागलं. त्याआधी ते गवताच्या काडांवर रचून बाजारात यायचं.)

पहिलं कापलं. काठाला वरून आणि खालून जेमतेम पाच मिलिमीटरचा पिवळसर, चकचकीत पट्टा. मध्ये खडूसारखा पांढरा गाभा. पीएच (आम्लपणाचं माप; सातच्या जितकं खाली तितकं आंबट) मोजायच्या कागदी पट्ट्या औषधांच्या दुकानातून आणल्या होत्या. पाण्याच्या थेंबात गर कालवून पट्टी लावली. गाभ्यात पाचच्या आसपास, सालीला लागून जवळजवळ सात.

याचं कारण कळलं तेव्हा वहीवर दोन रेघा ओढल्या. वरची बुरशी दह्यातलं लॅक्टिक आम्ल खाते. सालीचा आम्लपणा कमी होत जातो, मग गाभ्यातलं आम्ल सालीकडे सरकतं आणि विरघळलेलं कॅल्शियम फॉस्फेट सालीपाशी येऊन साचतं. कॅल्शियम गेलं की केसिनची (दुधातल्या मुख्य प्रथिनाची) वीण सैल पडते. वर बुरशीची विकरं प्रथिनं तोडतच असतात. म्हणून ही चीज बाहेरून आत पिकतात. आंबा कोयीपासून पिकतो असं आजी म्हणायची. इथे बरोबर उलटं.

२६ ऑक्टोबर

दुसरं कामांबेर. पिवळा पट्टा आत सरकलाय, गाभा एक बोटभर उरलाय. वास अळंबीचा. पावसाळ्यात ओल्या ओंडक्याजवळ गेलं की येतो तो. चव गेल्या आठवड्यापेक्षा इतकी वेगळी, की आंधळ्या चाचणीत मी याला दुसरं नाव दिलं असतं. दिलंही होतं.

सालीबद्दल एक निष्कर्ष काढून टाकते, म्हणजे पुन्हा त्यात वेळ जायला नको. सालीच्या रंगावरून आणि वासावरून नाव सांगता येणार नाही, कारण बुरशी एकच आहे, पेनिसिलियम कामांबेर्टी. ब्रीवर तीच, कामांबेरवर तीच, कुलोमियेवर तीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कामांबेरची साल निळसर-करडी असायची. नंतर ही पांढरीशुभ्र जात निवडली गेली आणि सगळीकडे तीच पसरली. कलमांनीच वाढवलेल्या झाडासारखी गत झाली. याच वर्षी जानेवारीत सीएनआरएस या फ्रेंच संशोधन संस्थेने लिहिलं, की या बुरशीची बीजाणू धरायची ताकद कमी होत चालली आहे. वनस्पतीशास्त्रवाल्यांना यात नवल नाही. आपल्याकडची केळी अशीच आहेत.

२ नोव्हेंबर, पाडवा

तिसरं कामांबेर. गाभा संपला. कापल्याबरोबर फळीवर पसरलं. सालीच्या कडा तपकिरी, आणि अमोनियाचा वास इतका, की नवऱ्याने दिवाळीच्या दिवशी घरात गोठा केलास म्हणत खिडकी उघडली. अमोनिया येतो तो प्रथिनं तुटता तुटता शेवटच्या टप्प्यावर. दहा मिनिटं उघडं ठेवल्यावर बराचसा उडाला. आत उरलं ते चविष्ट होतं, पण नावाची खूण म्हणावी असं काहीच शिल्लक नव्हतं. मीठ, कोबी, मटणाच्या रश्श्यासारखा दाटपणा. मऊ चीज फार पिकलं की सगळी एकाच गावची वाटायला लागतात.

पहिल्या चाचणीचं कोडं इथे सुटलं. मी नावं ओळखायला बसले होते आणि प्रत्यक्षात वय ओळखत होते. कोवळं ते शाउर्स, पिकलेलं ते मलाँ, एवढंच करत होते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आईला फोन केला. मामासाठी श्रीखंड होतं, रात्रभर चक्का टांगलेला. मी सहज बोलले, की इथली मलाँची ब्री लावायला किमान अठरा तास लागतात, आणि मोची तासाभरात लागते.

आई म्हणाली, “अठरा तास? मग ते आपल्या दह्यासारखंच झालं की गं. आंबट होणार आणि तुटणार. ओढलं तर ताणलं नाही जायचं. आणि तासाभरात कसं गं लागतं?”

रेनेटने, म्हटलं. वासराच्या जठरातून काढतात. फोनवर जरा शांतता. मग म्हणाली, “तू खा. मला सांगू नकोस.” आणि लगेच, “पण लवकर लागलेलं ते रबरासारखं लवचिक असणार बघ.”

तिने ना मलाँ खाल्लंय ना मो. किल्लीची दुसरी ओळ मात्र तिची आहे.

शास्त्र तिच्याच बाजूने आहे. हळूहळू आंबवून लावलेल्या दह्यात आम्ल आधी तयार होतं, ते कॅल्शियम विरघळवतं आणि निवळीबरोबर बाहेर नेतं. उरतं ते ठिसूळ, ओलसर. रेनेटने झटकन लावलेल्यात कॅल्शियम जाळीतच राहतं, म्हणून गर चिवट आणि एकसंध. प्रत्यक्षात या यादीतल्या सगळ्यांत दोन्ही थोडंथोडं असतं. प्रमाण कोणाकडे झुकतं एवढाच प्रश्न.

९ नोव्हेंबर, शनिवार

चक्क्याच्या बाजूची तिघं एकत्र घेऊन बसले: शाउर्स, नशातेल, ब्रिया-साव्हारँ. आज डोळ्यांवर ओढणी नाही, बोटं आणि सुरी.

शाउर्स हे शँपेन आणि बर्गंडीच्या सीमेवरचं. कोवळं असताना गाभा अगदी रात्रभर टांगलेल्या चक्क्यासारखा; चिमटीत दाबला की भुगा होत नाही, पेढ्यासारखा तुटतो. सालीखाली पातळ साईची रेघ. आंबट आधी लागतं, मीठ मागून येतं.

नशातेलने जास्त वेळ घेतला. हे नॉर्मंडीच्या ब्रे भागातलं. इथे दही कापडात गाळून, दाबून, मग मळतात. पुरणासारखं मळतात, असं बाईंनी हातांनी करून दाखवलं. कधी कधी त्यात आधीच्या पिकलेल्या नशातेलचा चुरा घालतात, म्हणजे बुरशी आयतीच मिळते. मळल्यामुळे गर रवाळ होतो. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये घासलं की कण जाणवतात, आणि मीठ भरपूर. शाउर्स दाणेदार वाटलं तरी ते ओलं लागतं, नशातेल कोरडं. चार वेळा डोळे मिटून दोन्हींत फरक केला, चारही वेळा बरोबर. या वहीतलं पहिलं निखळ यश. आकार पाहायची गरजच पडली नाही. (बदाम पाहिल्यावर मग काय, लेकसुद्धा ओळखते.)

ब्रिया-साव्हारँ यांतलंच, पण श्रीखंडात लोणी फेटावं तसं. यावर जास्त लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर

मो विरुद्ध मलाँ. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं ते.

बाईंनी दोन्हींचे अर्धे पिकलेले, गाभा शिल्लक असलेले तुकडे बाजूला काढून ठेवले होते. हे महत्त्वाचं. पूर्ण पिकलेल्यांवर ही परीक्षा चालत नाही.

सुरी घातली तेव्हाच फरक कळला. मोचा गर सुरीला चिकटून लोंबतो, रिबिनीसारखा. मलाँचा तुटतो. मोचा वास साईचा, हेझलनटचा, अळंबीचा. मलाँचा ओल्या गोठ्याचा आणि कोंड्याचा. मलाँच्या सालीवर पांढऱ्यात तांबूस-तपकिरी रेघा जास्त, पण सालीवर विसंबायचं नाही असं मी लिहून बसले आहे, म्हणून हा पुरावा दुय्यम. आणि मीठ. मलाँ उघड उघड खारट. मो खाल्ल्यावर पाणी लागत नाही, मलाँनंतर लागतं.

इथले लोक मलाँलाच सगळ्या ब्रींची आई मानतात. मोवाले अर्थात मानत नाहीत. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत तालेराँ या फ्रेंच मुत्सद्द्याने चीजची स्पर्धा लावली आणि ब्रीला ‘चीजांचा राजा’ ठरवून घेतलं, ही गोष्ट दोन्ही गावं सांगतात. ती ब्री कुठली, यावर दोघांचं एकमत होणं शक्य नाही. कागदावर मात्र दोघींना १९८० सालीच नाव-संरक्षण मिळालं, म्हणजे ठरल्या भागात, ठरल्या कृतीने केलेल्यालाच ते नाव.

उरलेली मलाँची ब्री रात्री ज्वारीच्या भाकरीवर ठेवली, बाजूला लसणाचा ठेचा. मोचं असं झालं नसतं, हरवली असती.

आणि बाईंचा प्रश्न. आज एका बाईने ब्री मागितली. मालकीणबाई म्हणाल्या, ‘आज की उद्या दुपारी?’ उद्या म्हटल्यावर त्यांनी पुढचा तुकडा ठेवून मागच्या चक्रातला काढला, अंगठ्याने मध्यभागी हलकेच दाबून. सहा आठवडे मी हे ‘गिऱ्हाइकाशी गोड बोलणं’ समजत होते. त्या रोज माझीच किल्ली वापरत होत्या, आणि पहिली ओळ वयाची होती.

१७ नोव्हेंबर

सुपरमार्केटमधून पाश्चराइज्ड दुधाची एक ‘ब्री’ आणि एक ‘कामांबेर’ आणली. ही दोन्ही नावं एकटी असली तर कोणाच्याही मालकीची नाहीत. ‘द मो’, ‘द मलाँ’, ‘द नॉर्मंडी’ जोडलं की मगच नियम लागू होतात. कच्चं दूध हवं. कामांबेर द नॉर्मंडी असेल तर साच्यात पळीने कमीत कमी पाच वेळा दही घालायचं, आणि दर वेळी मध्ये चाळीस मिनिटं थांबायचं.

कापलं. गाभाच नाही. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा फिकट पिवळा, बोटाने दाबला की परत वर येणारा. साल जाड, पांढरी, फेल्टसारखी. वास दुधाचा. दोन्ही एकमेकांच्या जागी ठेवली असती तर कारखान्यालाही कळलं नसतं.

याला ‘स्थिर केलेला गर’ म्हणतात. आंबणं मध्येच रोखतात, दही फार आम्ल होऊ देत नाहीत, कॅल्शियम जागेवर राहतं. मग ते पहिल्या दिवशीही मऊ आणि महिन्याभरानेही तितकंच मऊ. दुकानदाराच्या दृष्टीने सोयीचं. माझ्या किल्लीच्या दृष्टीने तर फारच, कारण गाभा नाही आणि अमोनियाही नाही असं दिसलं की पुढे जायचंच नाही, तिथेच थांबायचं. याला वय नसतं, म्हणून पुढचे प्रश्नही विचारता येत नाहीत.

२३ नोव्हेंबर

एक दिवस मिठाच्या पाण्याने धुतलेल्या नारिंगी सालींकडे गेला. लिव्हारो, पाँ-लेव्हेक, लाँग्र, एपवास. किल्लीत घ्यायच्या की नाहीत ते पाहायचं होतं. घेणार नाही. घरभर वास, पण ओळखायला सोपी. लिव्हारोला कमरेभोवती लव्हाळ्याच्या पाच पट्ट्या, म्हणून त्याला ‘कर्नल’ म्हणतात. पाँ-लेव्हेक चौकोनी. लाँग्र मुरताना उलटत नाहीत म्हणून डोक्यावर खळगा पडतो. एपवास द्राक्षांच्या चोथ्याच्या दारूने धुतलेलं आणि चमच्याने खायचं. ज्यांच्या अंगावर गणवेश आहे त्यांना ओळखण्यात कसलं कौतुक.

३० नोव्हेंबर, शनिवार

दुसरी चाचणी. तीच पद्धत, उभ्या चिरी, साल काढलेली. फरक एवढाच, की आधी बोटाने आणि जिभेने वय ठरवायचं, ते मोठ्याने सांगायचं, मगच नाव.

चौदापैकी दहा.

चुका चार. एक अति पिकलेलं शाउर्स, त्याला कामांबेर म्हटलं. याचं वाईट वाटत नाही. गाभा संपला होता आणि मी तसं म्हटलंही होतं. उरलेल्या तिन्ही चुका मो आणि कुलोमिये यांच्यातल्या: दोन्ही कुलोमियेंना मो म्हटलं, एका मोला कुलोमिये. दुसरी मो बरोबर आली ती नशिबाने.

मलाँ दोन्ही वेळा बरोबर. कामांबेरही दोन्ही. पिकलेल्यात कोबीचा आणि किंचित लसणाचा वास, आणि कोवळ्यात पळीने घातलेल्या थरांमधल्या बारीक आडव्या फटी जिभेला लागतात. दुसरी खूण मला फक्त याच चक्रांत सापडली की सगळीकडे असते, हे पुढे पाहायचं.

७ डिसेंबर, शनिवार

बाजार आटोपल्यावर किल्ली बाईंना तोंडी वाचून दाखवली. गाभा आहे का? नसेल आणि अमोनियाही नसेल, तर स्थिर केलेला. नसेल आणि अमोनिया असेल, तर नाव सांगू नका, आजच विका. असेल, तर गाभा तुटतो की ताणतो? तुटत असेल तर रवाळ की ओलसर की लोण्यासारखा? ताणत असेल तर कोबी की हेझलनट? मलाँ तुटणाऱ्यांत येते, तिथे मिठाची ओळ.

त्यांनी एका ठिकाणी थांबवलं. “मीठ कुठं चाखलंत? सालीजवळ की मध्ये?”

मी चिरीच्या कोणत्याही जागी चाखत होते. ब्रीला मीठ वरून कोरडं लावतात आणि ते दिवसागणिक आत झिरपतं. कोवळ्या मोचा सालीजवळचा भाग चाखला तर तोही खारट लागणार, आणि मी त्याला मलाँ म्हणणार. त्यांनी माझ्याच पेनने ‘खारट’च्या आधी ‘मध्यभागी’ असं लिहिलं. फ्रेंचमध्ये, माझ्या मराठी ओळीच्या मधोमध.

मग माझी परीक्षा घेतली. पाठीमागून पाच तुकडे, एकामागून एक. चार बरोबर. पाचवा कुलोमिये होता, मी मो म्हटलं. तो का चुकला विचारलं तर खांदे उडवले. म्हणाल्या, चांगलं कच्च्या दुधाचं कुलोमिये म्हणजे ब्रीचं लहान चक्रच, त्याला संरक्षित नाव नाही, दर घराची कृती वेगळी. त्या स्वतः त्याची कड पाहतात. तुकड्याच्या कमानीचा वाक जास्त असेल तर चक्र लहान. साल काढून, कड काढून दिलं तर त्याही पैज लावणार नाहीत.

आकार धरायचा नाही, असं मी ६ ऑक्टोबरला ठरवलं होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

किल्ली लॅमिनेट करून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवली. अकरा ओळी. पावसाने भिजणार नाही. सकाळी आठपासून रांग होती. दोनदा तिच्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा शाउर्स आणि नशातेलसाठी.

ते आजोबा आले होते. मलाँची ब्री, चारशे ग्रॅम. मी विचारलं, कधी खाणार. रविवारी दुपारी, नातवंडं येणार आहेत. मागचं चक्र काढलं, मध्ये दाबलं, गाभा बोटभर, कापून दिली. त्यांनी कागद थोडा उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पैसे काढले.

अकरावी ओळ कुलोमियेची. ‘कमान पाहा’ एवढंच लिहिलंय. ती मी लॅमिनेटच्या वरून पेन्सिलीने लिहिली आहे.